कानातली मोहरी

पंकजाला हसू यायचं ते नेमकं नको तिथं. शाळेत असताना कुणीतरी पुढारी वारले, म्हणून तमाम शाळेला मैदानात उभं करून मौन पाळायला लावलं होतं. सुरुवात बरी गेली. मग पंकजाच्या लक्षात आलं की शेजारच्या पोरीच्या पोटात भुकेनं गुरगुरायलंय आणि एवढ्या मोठ्या मैदानात तेवढा एकच आवाज आहे. झालं. आधी तिचे खांदे हलले, मग वेण्या हलल्या, मग नाकातून असा काही आवाज निघाला की हेडमास्तरांनी मिटलेले डोळे उघडले. त्या दिवशी ती शाळा सुटेपर्यंत ऑफिसच्या दारात उभी होती, तोंडात रुमाल कोंबून.

आता ती ताडकळसला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि ही खोड पदरात असताना तिनं निवडला होता तो सगळ्यात गप्प खेळ. तिरंदाजी.

म्हणजे तिनं तरी कुठं निवडला होता. खेळाचे शिवप्रसाद सर एकदा मैदानात नवी धनुष्यं लावून बघत होते, पोरांना काही दोरी धड ओढता येईना. पंकजा बाजूनं चालली होती. सरांनी सहज तिच्या हातात धनुष्य दिलं आणि तिनं ते असं ओढलं जसं काही घागरीचा दोर ओढायलीय. खांदे तिचे पहिल्यापासून दणकट. लहानपणी आईबापाबरोबर उसाच्या फडात मोळ्या उचललेल्या. पुढं मुंजाजीनं, म्हणजे तिच्या वडिलांनी, तोडणीला जायचं सोडून म्हशी घेतल्या, तेव्हापासून वैरणीचे भारे वाहिलेले. पहिलाच बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात बसला. सरांनी त्याच दिवशी तिचं नाव लिहून घेतलं.

अडचण पुढं आली. दोरी हनुवटीला टेकली की पंकजा दगडासारखी स्थिर व्हायची, आणि त्या स्थिर होण्यातच घात होता. श्वास थांबला, मागची पोरं गप्प झाली, सगळीकडं सामसूम झाली, की तिला आतून वाटायचं, आता कुणीतरी शिंकावं, निदान एखादं कुत्रं तरी भुंकावं. तसलं काही व्हायचं नाही. मग ती शांतताच तिला गुदगुल्या करायची. बाण सुटायचा तो थेट टार्गेटच्या वरून मागच्या तुरीत. तुरीचा मालक बन्सीधर मोठा सज्जन माणूस. संध्याकाळी बाण गोळा करून आणून द्यायचा आणि विचारायचा, "आज लय हसली का काय पंकजा?"

शिवप्रसाद सर उंच, वाळके, आणि चेहरा असा की आत्ताच कुठून तरी सांत्वनाला जाऊन आलेत. त्यांनी जंग जंग पछाडलं. प्राणायाम झाला, डोळे मिटून बसणं झालं, तोंडात लवंग धरणं झालं. मग एक दिवस ते म्हणाले, "दोरी ओढताना काहीतरी दुःखाचं आठवत जा. मी तेच करतो."

पंकजानं मागच्या साली मेलेलं वासरू आठवलं. खरंच डोळे भरून आले. दोरी हनुवटीला टेकली, नेम धरला गेला, आणि तेवढ्यात तिला आठवलं की त्याच वासरानं एकदा मुंजाजीच्या लग्नाकार्याला घालायच्या शर्टाची एक बाही खाऊन टाकली होती, आणि मुंजाजी त्या खांद्यावर टॉवेल टाकून पाहुण्यांचं लग्न उरकून आला होता. बाण तुरीत.

सरांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि ते घरी निघून गेले.

घरी हेमाकाकू होत्या. हेमाकाकू म्हणजे सरांच्या पत्नी. शाळेची लायब्ररी सांभाळायच्या, हाताला लागेल ते वाचायच्या आणि वाचलेलं लगेच करून बघायच्या. मागं त्यांनी अळिंबीची शेती वाचली तेव्हा सर दोन महिने ओल्या भुशाच्या पोत्यांशेजारी झोपले होते. यंदा त्या नांदेडला जाऊन कानाच्या ॲक्युप्रेशरचं शिबिर करून आल्या. येताना चिकटपट्टीचे रोल आणले, बारक्या काळ्या बियांचं पाकीट आणलं आणि पपईएवढा एक रबरी कान आणला. तो त्यांनी टीव्हीशेजारी ठेवला. घरी आलेला माणूस आधी त्या कानाकडं बघायचा आणि मग आपोआप हळू बोलायला लागायचा.

दुसऱ्या दिवशी पंकजा बाणांचा डबा द्यायला त्यांच्या घरी गेली, तर काकूंनी तिचा हातच धरला.

"बस इथं. केस मागं घे."

"काकू, माझा कान न्हाई दुखत."

"कान दुखतो असं कोण म्हणालं? तुझं हसू दुखायलंय, तुझ्या सरांना. रात्री जेवले नाहीत ते."

पंकजा बसली. काकूंनी रबरी कान मांडीवर घेतला, लहान लेकराला घ्यावं तसा. "हे बघ, कानाचा आकार बाळासारखा असतो. पोटातल्या बाळासारखा, उलटा. ही पाळी म्हणजे डोकं. इकडून पाठीचा कणा वर गेला, आणि हे वर पाय."

पंकजानं कानाकडं बघितलं, बाळ शोधलं, सापडलं, आणि ती जी हसायला लागली ती थांबेना. काकू शांतपणे बसून राहिल्या. लायब्ररीत बसून त्यांना माणसं आपोआप गप्प होण्याची वाट बघायची सवय होती.

"झालं? आता ऐक. ही वरची तिकोनी खळगी आहे ना, इथं दाबलं की भरकटलेलं मन ठिकाणावर येतं असं आम्हाला शिकवलंय. नेमबाजीवाले, तिरंदाज लोक करतात म्हणे. खरंखोटं मला मालूम नाही. पण करून बघायला काय जातंय?"

अडचण एवढीच होती की नांदेडच्या बिया संपल्या होत्या. गल्लीतले गुडघे, गल्लीतल्या कंबरा, कुणाची झोप, कुणाच्या सासूचा राग, सगळ्यांना लावून झाल्या होत्या. काकू आत गेल्या आणि मसाल्याच्या डब्यातून मोहरी घेऊन आल्या. एक गोल, ठसठशीत दाणा निवडला, चिकटपट्टीच्या तुकड्यावर ठेवला आणि पंकजाच्या डाव्या कानात बसवून वरून बोटानं दाबला. उजव्या बाजूला दोरी लागते, म्हणून डावा.

मुंगी चावल्यागत झालं. पंकजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बरोबर जागेवर बसली," काकू समाधानानं म्हणाल्या. "बाण लावायच्या आधी दाबायचं. श्वास आत घेताना दाब, सोडताना सोड. आणि हसू आलंच, तर आणखी जोरात दाब."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंकजा रेषेवर उभी राहिली. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. बाण लावला, दोरी हनुवटीला टेकली, आजूबाजू सगळं चिडीचूप झालं. पोटात नेहमीचा बुडबुडा उठला. पण कानात ती बारीकशी चुरचुर अजून चालूच होती, आणि तिचं अर्धं लक्ष तिकडं होतं. बुडबुड्याला कुणी विचारलंच नाही, मग तो आला तसा विरून गेला. बाण पिवळ्यात. दुसराही पिवळ्यात. सहावा बाण लागला तेव्हा तिनं मागं वळून बघितलं, सर कमरेवर हात ठेवून आभाळाकडं बघत होते.

"आज वारा नव्हता," सर म्हणाले.

पण वारा होता त्या दिवशीही बाण पिवळ्यातच बसले. आठवडाभर तुरीत एकही गेला नाही. बन्सीधर न राहवून स्वतःच चौकशीला आला, पोरगी आजारी हाय का म्हणून. मग काय, सरावाला येणाऱ्या सगळ्या पोरापोरींनी काकूंच्या घरी रांग लावली. काही दिवसांनी ऑक्टोबरच्या भर उन्हात सर कानाला मफलर बांधून मैदानात आले. कुणी काही विचारलं नाही. पंकजाला मात्र मफलरच्या कडेला चिकटपट्टीचं टोक दिसलं आणि तिला कान दोनदा दाबावा लागला.

त्याच महिन्यात परभणीला जिल्ह्याची स्पर्धा होती. पहिल्या चौघींना राज्याच्या स्पर्धेला जायला मिळणार होतं. हेमाकाकूंनी जायच्या आठवडाभर आधी नवी मोहरी बसवली, वरून चिकटपट्टीचे दोन थर लावले आणि बजावलं, "आता स्पर्धा होईपर्यंत काढायची नाही. डोकं धुतलं तरी राहू दे."

पंकजानं राहू दिली. सराव, घाम, म्हशींचं पाणी, दोनदा डोक्यावरून अंघोळ. शेवटचे दोन दिवस कानात काहीतरी वळवळल्यासारखं व्हायलं, म्हणून ती काकूंना विचारायला गेली.

"नस जागी व्हायलीय," काकू म्हणाल्या. "चांगलं लक्षण आहे."

स्पर्धेच्या दिवशी मुंजाजीनं दूध घालून झाल्यावर इस्त्रीचा शर्ट घातला, दोन्ही बाह्या तपासल्या आणि तो लेकीबरोबर एसटीत बसला. सर आणि काकू पुढच्या सीटवर होते. काकूंच्या पिशवीत रबरी कान होता, कुणी विचारलंच तर दाखवायला.

परभणीच्या मैदानावर पंकजा अशी काही खेळली की तिचं तिलाच खरं वाटेना. प्रत्येक बाणाआधी ती कान दाबायची, आणि बाण जायचा तिथं जायचा. दुपारपर्यंत पहिल्या चौघींत तिचं नाव आलं. जेवणं झाल्यावर तर ती फायनलमध्ये उभी होती. समोर होती परभणीचीच मैत्रेयी. उंच, गोरीपान, चष्म्याची, आणि इतकी शांत की बाण मारताना तिची पापणीसुद्धा हलायची नाही. दोघी शेवटच्या सेटपर्यंत बरोबरीत राहिल्या. आता दोघींनी एकेकच बाण मारायचा, जिचा मध्याच्या जास्त जवळ ती पहिली.

पाळी यायच्या आधीच पंकजानं धनुष्य उचललं, कान दाबला, आणि बाजूनं कुणीतरी हात वर केला.

"पंच, हरकत आहे."

मैत्रेयीचे प्रशिक्षक होते. सकाळपासून ते पंकजाच्या कानाकडं बघत होते. "ही मुलगी प्रत्येक बाणाआधी कानातलं काहीतरी दाबते. वरून पट्टी लावलीय. आत यंत्र असणार. कुणीतरी तिला वारा सांगायलंय."

रेषेवर असलं काही यंत्र चालत नाही, सापडलं तर खेळाडू बाद. म्हणजे नुसती फायनलच नाही, राज्याची निवडही गेली. पंकजानं मागं वळून बघितलं. तिला वाटलं, मागून सर काहीतरी बोलतील, पण सरांनी मफलर जास्तच घट्ट आवळून घेतलं होतं.

मुख्य पंच तात्याराव सावकाश चालत आले. पिकलेल्या मिशा, खिशाला शिट्टी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. बाण नेमका रेषेवर लागला की ते त्या भिंगातून बघून निकाल द्यायचे, आणि त्यांच्या निकालावर आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं.

"पोरी, कानात काय आहे?"

"मोहरी, सर."

"काय म्हणालीस?"

"मोहरी. फोडणीची."

तात्यारावांनी तिच्याकडं बघितलं, मग प्रशिक्षकांकडं बघितलं. "पट्टी काढा," ते म्हणाले.

हेमाकाकू दोरी ओलांडून पुढं आल्या. त्यांनी दोन नखांनी पट्टीचं टोक धरलं, सर्रकन ओढली आणि तशीच तात्यारावांच्या तळहातावर ठेवली. तात्यारावांनी भिंग डोळ्याला लावलं. मैत्रेयी वाकून बघायला लागली. प्रशिक्षक टाचा उंचावून बघायला लागले.

पट्टीवर मोहरीचा दाणा होता, पण तो उकललेला होता. त्यातून एक पांढरं शुभ्र मूळ निघून शेपटासारखं गोल वळलं होतं, आणि दुसऱ्या अंगाला दोन इवलीशी पिवळी पानं होती, एकमेकांना चिकटलेली.

तात्यारावांनी भिंग पुसून परत लावलं.

"उगवलीय ही," तात्याराव हळूच म्हणाले.

मुंजाजी दोरीच्या मागून मान पुढं काढून बघत होता. शेतकरी माणूस, त्याला राहवेना. "उगवण लय चांगली हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "काकू, ही घरची का बाजारातली?"

"बाजारातली," काकू म्हणाल्या.

"मग थोडी बियाण्याला ठेवा."

तात्यारावांच्या मिशा आधी एका बाजूनं थरथरल्या, मग दुसऱ्या बाजूनं. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, बहुतेक स्वतःला आवरायला, पण हसू शिट्टीतूनच बाहेर पडलं. बारीक, तुटक, फुर्र फुर्र वाजत. ते ऐकून मैत्रेयीनं तोंडावर हात ठेवला. आणि मग ती, जिची पापणीसुद्धा हलत नव्हती, मटकन गवतावर बसली आणि चष्मा काढून हसायला लागली. कुणीतरी मागं विचारलं काय झालं, कुणीतरी सांगितलं पोरीच्या कानात मोहरी आलीय, आणि ते तोंडातोंडी करत मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेलं. हसण्याची लाट तिकडून परत आली. शिवप्रसाद सरांना तर पंकजानं पहिल्यांदा दात दाखवताना बघितलं. हसता हसता त्यांचं मफलर सुटलं, आणि त्यांच्याही कानात पट्टी आहे हे बघून तात्यारावांनी भिंग तिकडं वळवलं, तेव्हा तर प्रशिक्षकांनीही हार मानली आणि ते खांबाला टेकून हसायला लागले.

आणि पंकजा? इतके दिवस कानाशी दाबून ठेवलेलं सगळं हसू एका दमात बाहेर आलं. सरावातलं, एसटीतलं, मफलरचं, शर्टाच्या बाहीचंही. ती धनुष्याला धरून वाकली, उभी राहिली, परत वाकली. पोट दुखायला लागलं, गाल दुखायला लागले, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून टपटप पडायला लागलं. बापाकडं बघितलं तर तो अजून बियाण्याचाच विचार करत होता, म्हणून परत एकदा हसली.

सगळं शांत व्हायला चांगलाच वेळ लागला. तात्यारावांनी डोळे पुसले, कोंब रुमालात घेतला आणि निकाल दिला. मोहरी यंत्रात मोडत नाही, मुलगी बाद नाही. पण आता कानात काही न घालता खेळायचं.

पहिली पाळी मैत्रेयीची होती. तिनं धनुष्य उचललं, दोरी ओढली, आणि खांदे हलायला लागले. तिनं दोरी परत सोडली. घड्याळ चालू होतं. परत ओढली, परत तेच. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि डोळ्यांत भीती होती. पंकजाला ती अवस्था इतकी ओळखीची होती की तिला राहवलं नाही. नियमात बसतंय का नाही याचा विचार न करता ती हळूच म्हणाली, "कानाची वरची खळगी दाब. नखानं. दुखू दे."

मैत्रेयीनं दाबलं, कळवळली, दोरी ओढली आणि बाण सोडला. पुरे दहा गुण.

मग पंकजा उभी राहिली. कान मोकळा होता, जरासा ओला होता. तिनं दोरी ओढली, हनुवटीला टेकवली आणि सवयीनं बुडबुड्याची वाट बघितली. तो आलाच नाही. आत काही उरलंच नव्हतं. मैदान चिडीचूप होतं, आणि त्या शांततेत पहिल्यांदाच तिला गुदगुल्या झाल्या नाहीत. लांबवर एसटीचा हॉर्न वाजला, मुंजाजी खाकरला, आणि तिला वाटलं, किती बरं वाटायलंय इथं. बाण सुटला. दहा.

तात्याराव भिंग घेऊन टार्गेटजवळ गेले. वाकून बघितलं, फुटपट्टीनं मोजलं, परत मोजलं. ज्वारीच्या दाण्याएवढा फरक होता. मैत्रेयी पहिली.

पंकजा वाईट वाटायची वाट बघत उभी राहिली, पण मैत्रेयी धावत येऊन तिच्या गळ्यातच पडली, आणि दोघींची धनुष्यं एकमेकांत अशी अडकली की ती सोडवायला माणूस बोलवावा लागला. तो येईपर्यंत दोघी चिकटून उभ्या, गालाला गाल लागलेला, आणि काही कारण नसताना दोघींना परत हसू फुटलं. पलीकडं मैत्रेयीचे प्रशिक्षक हेमाकाकूंसमोर येऊन उभे राहिले. इकडंतिकडं बघून म्हणाले, "मॅडम, माझं मनगट सहा महिन्यांपासून धरतंय."

"बसा," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून रबरी कान बाहेर काढला.

ताडकळसला एसटी पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता. फाट्यावर धुरपदाबाई, पंकजाची आई, वैरणीचा भारा खाली टेकवून वाट बघत उभी होती. लेक खिडकीतून उतरते का दारातून याचाही भरवसा नसल्यागत ती एसटीला दोन्हीकडून हात हलवत होती.

"पहिली आलीस का ग?"

"दुसरी. पण राज्याच्या स्पर्धेला जायलेय मी."

"आन् पहिली कोण आली?"

"मैत्रेयी म्हणून हाय परभणीची. लय चांगली पोरगी हाय, आई. रविवारी आपल्याकडं जेवायला यायलीय."

धुरपदाबाईनं भारा लेकीच्या डोक्यावर चढवला आणि पदर खोचला. "मग सकाळी वांगी आणावी लागतील," ती म्हणाली, "आन् तिला तिखट चालतंय का ते आधी विचारून घे."